रामाच्या माहेरी : मिरजेच्या वेणास्वामींचे चरित्र

पद्मपुराणातील भागवतमाहात्म्याच्या आरंभी एक करुण प्रसंग आहे. देवर्षी नारद पृथ्वीपर्यटन करीत यमुनातीरी येतात. तेथे एक तरुण स्त्री शोक करीत बसलेली त्यांना आढळते. तिच्याजवळ दोन जराजर्जर पुरुष निश्चेष्ट पडले आहेत; ती कधी त्यांना हलवून जागे करू पाहते, कधी वारा घालते, कधी निराश होऊन रडू लागते. नारदांनी विचारपूस करताच कळते, की ही स्त्री म्हणजे साक्षात भक्ती आणि हे दोन वृद्ध तिचे पुत्र, ज्ञान व वैराग्य. दक्षिणेत जन्मलेली ही भक्ती देशोदेशी फिरत वृंदावनी पोहोचली. तिच्या त्या प्रवासात आपल्या महाराष्ट्राचाही नामनिर्देश आहे. वृंदावनाच्या भूमीत तिला पुन्हा तारुण्य लाभले. मुले मात्र म्हातारीच राहिली. आई तरुण आणि लेक वृद्ध, असा हा उलटा संसार. नारदांनी वेदघोष केला, गीतापाठ केला. तरी ते दोघे क्षणभर डोळे उघडीत, जांभई देत आणि पुन्हा कलंडत. अखेर सनकादिकांच्या मुखाने भागवतकथा सुरू झाली, तेव्हा कोठे ते तरुण होऊन उठले.

नारदांच्या गादीवर उभे राहून आयुष्य वेचलेल्या आम्हांस ही कथा आपल्या घरोघरची वाटते. आज भक्ती तरुण आहे यात शंका नाही. गावोगाव उत्सव होतात, मांडव पडतात, रोषणाई होते, पंक्ती उठतात. परंतु त्या मांडवाच्या एका कोपऱ्यात ज्ञान आणि वैराग्य अंग चोरून निजलेले असतात, त्यांना उठवावे कोणी? ग्रंथ वाचून ज्ञान येते म्हणावे, तर घरातील पोथी सोवळ्यात बांधलेली. घर सोडून वैराग्य येते म्हणावे, तर मुलांच्या शाळा आहेत, म्हाताऱ्यांची औषधे आहेत. म्हणून यंदा चैत्रातील या रामनवमीच्या निमित्ताने, ज्या एका माउलीच्या ठायी भक्ती, ज्ञान आणि वैराग्य ही तिन्ही एकाच वेळी जागी होती, तिचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ती कृष्णाकाठचीच आहे. तिचा मठ मिरजेस, तिची सेवा चाफळास आणि तिचे वृंदावन सज्जनगडावर. ती म्हणजे समर्थ रामदासस्वामींची शिष्या वेणाबाई, अर्थात वेणास्वामी.

तुळशीवृंदावनापाशी

वेणाबाईंचा जन्म सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात करवीरक्षेत्री, म्हणजे कोल्हापुरास झाला. तो काळ आदिलशाहीचा होता. मिरज हे त्या राज्याचे एक बळकट ठाणे होते. अफझलखानाच्या वधानंतर १६६० च्या आरंभी शिवाजी महाराजांनी त्या किल्ल्यास वेढा घातला होता, तरी तो तेव्हा हाती लागला नाही. मराठ्यांच्या ताब्यात मिरज आले ते पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७३९ मध्ये. अशा त्या मिरजेत देशपांडे घराण्यात वेणाबाईंना दिले होते. लग्न बालवयात झाले आणि थोड्याच काळात पती निवर्तले. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच तो संपला.

त्या काळी अशा मुलीच्या वाट्यास काय येई, हे सांगणे नको. माजघरातील काळोख, चुलीपुढची जागा आणि शुभकार्याच्या वेळी दाराआड उभे राहणे. परंतु वेणेच्या दैवात एक गोष्ट चांगली होती. तिला वाचता येत होते. ती एकनाथी भागवत वाचीत असे. एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावर लिहिलेली ही टीका १५७३ मध्ये वाराणशीस पूर्ण झाली. अध्याय एकतीस आणि ओव्या अठरा हजारांहून अधिक. एकादश स्कंध म्हणजे श्रीकृष्णाने निजधामास जाण्यापूर्वी उद्धवास केलेला उपदेश. ज्याचे सर्वस्व आता जाणार आहे त्या भक्तास, जाण्यापूर्वीच देवाने सांगितलेले ज्ञान ते हेच. पोरवयात सर्वस्व गेलेल्या मुलीच्या हाती नेमका तोच ग्रंथ यावा, यास योगायोग म्हणवत नाही.

परंपरेने चालत आलेली कथा अशी, की एके दिवशी ती तुळशीवृंदावनापाशी पोथी वाचीत बसली असता समर्थ भिक्षेसाठी दारी आले. मुलगी पोथीत गढलेली पाहून त्यांनी तिला काय वाचतेस म्हणून विचारले. तिने ग्रंथाचे नाव सांगितले. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला, की वाचतेस ते समजते काय?

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. हा प्रश्न आपणांस कोणी विचारला तर आपण काय उत्तर देऊ? आम्हां पाठांतर करणाऱ्या शास्त्र्यांपैकी बहुतेक जण, समजते, असेच सांगतील. वेणेने तसे केले नाही. पोटात इतके दिवस साठलेल्या शंका तिने एकामागून एक त्या साधूपुढे मांडल्या. जीव कोण, ईश्वर कोण, बंधन कशाचे आणि सुटका कोणाची, अशा त्या शंका होत्या. ज्याला समजत नाही हे कळते, त्यालाच समजू लागते. ज्ञान झोपेतून उठते ते शंकेच्या स्पर्शाने. पारायणाच्या संख्येने नव्हे. समर्थांनी त्या दारातच तिच्या शंकांचे निरसन केले आणि त्या दिवसापासून वेणेच्या मनाने गुरू वरला.

विष आणि अमृत

पुढे समर्थ करवीरास आले, अंबाबाईच्या सान्निध्यात त्यांची कीर्तने होऊ लागली. वेणा तेव्हा माहेरी होती. ती नित्य श्रवणास जाऊ लागली. एका तरुण विधवेने परक्या गोसाव्याच्या कीर्तनास रोज जावे, त्याच्या पायावर मस्तक ठेवावे, हे लोकांच्या डोळ्यांत खुपले. कुजबूज झाली, कुजबुजीची निंदा झाली आणि निंदेने घराच्या उंबऱ्यापर्यंत मजल मारली. लोकापवादाच्या भयाने जन्मदात्यांनीच तिला विष दिले आणि समर्थांच्या कृपेने ती वाचली, अशी कथा संप्रदायात सांगतात.

ही कथा सांगताना कीर्तनकार नेहमी चमत्कारावर भर देतात. आम्हीही पूर्वी देत असू. आता आमचे मन त्या माउलीच्या पुढील वागण्यावर खिळते. ज्या हातांनी घास भरविला त्याच हातांनी विषाचा पेला पुढे करावा, यापरता दुःखाचा डोंगर कोणता? पेल्यातले विष उतरते, मनातले उतरत नाही. कित्येकांच्या घरी वाटणीतील एका भांड्यावरून दोन भाऊ जन्मभर एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. येथे तर प्राणांवर बेतले होते. परंतु वेणाबाईंच्या नावाने जे काव्य उपलब्ध आहे, त्यात माहेरच्या वा सासरच्या माणसांविषयी कटुतेचा सूर आम्हांस कोठे आढळला नाही. त्यांनी घर सोडले. घरावरचा राग घेऊन बाहेर पडल्या नाहीत.

वैराग्य म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. वस्तूचा त्याग म्हणजे वैराग्य, हा झाला पहिला पाठ. तो तर दारिद्र्यही शिकविते. त्या वस्तूवरचा, त्या माणसावरचा राग गळून जाणे हा दुसरा आणि अवघड पाठ. राग हाही एक धागाच आहे. प्रेमाइतकाच बळकट बांधतो. गीतेने ज्ञानी पुरुषाच्या लक्षणांत प्रीतीबरोबर भय आणि क्रोध यांचेही जाणे सांगितले आहे, ते यासाठीच. वेणाबाईंनी हा दुसरा पाठ पोरवयातच गिरविला.

येथून पुढे आम्ही एकवचन सोडतो. करवीरची ती पोर आता समर्थांच्या परिवारात आली.

चाफळची चूल

समर्थांचा जन्म १६०८ चा, गोदातीरावरील जांब गावचा. टाकळीचे तप आणि भारतभ्रमण आटोपून ते कृष्णाकाठी आले आणि चाफळास त्यांनी १६४८ मध्ये श्रीरामाची स्थापना केली. ती मूर्ती अंगापूरच्या डोहातून मिळाली, असे सांगतात. चाफळ हे आजच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, मांड नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत आहे. तेथील रामनवमीचा उत्सव हा संप्रदायाचा मुख्य उत्सव. उत्सव म्हटला की पालखी, कीर्तन, छबिना हे सारे आले. परंतु हे ज्याच्या आधारावर चालते ते स्वयंपाकघर. कोठीतील धान्य निवडणे, दळणे, पाणी भरणे, पंक्तीमागून पंक्ती वाढणे आणि शेवटच्या माणसाचे पान उठल्यावर आपण दोन घास खाणे. चाफळास ही सेवा वेणाबाईंनी आणि कऱ्हाडच्या अक्काबाईंनी केली.

एकनाथी भागवतावर गुरूशी संवाद करणारी ही विदुषी चुलीपुढे बसे, यात कोणास विसंगती वाटेल. समर्थसंप्रदायात ती तशी मानली जात नव्हती. ज्यास ब्रह्म कळले त्यास भाकरी थापण्याची लाज वाटत असेल, तर त्यास ब्रह्म कळलेले नाही, इतका साधा हिशेब होता.

या सेवेविषयी एक गोड आख्यायिका आहे. एका वर्षी रामनवमीच्या तोंडावर वेणाबाई कामाने अगदी थकून गेल्या. उत्सव पार कसा पडेल या चिंतेने त्यांनी रामरायास आळविले. तेव्हा एक अनोळखी बाई येऊन कामास लागली. नाव विचारले तर रामाबाई म्हणून सांगे. तिने भांडी घासली, दळणे दळली, पंक्ती वाढल्या. उत्सव संपला आणि पाहतात तो रामाबाई कोठे दिसेना. पंढरीच्या पांडुरंगाने जनाबाईंबरोबर दळण दळले, ही कथा ज्यांच्या घरी आजी सांगत आली आहे, त्यांस चाफळच्या रामाने पदर खोचला याचे नवल वाटणार नाही. आमच्या मते या कथेचे मर्म असे, की देवास गाभाऱ्यात शोधणाऱ्यास तो गाभाऱ्यात भेटतो आणि चुलीपाशी आठवणाऱ्यास तो चुलीपाशी येतो. घरातील गृहिणींनी हे विशेषे ध्यानी धरावे. पुरुषांनी त्याहून अधिक.

उभे राहण्याचा अधिकार

आता जी गोष्ट आम्हां कीर्तनकारांच्या हृदयास भिडते, ती सांगतो. नवविधा भक्तीत श्रवणानंतर कीर्तन येते. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या नऊही भक्तींचे क्रमाने निरूपण केले आहे. श्रवण बसून करावयाचे. कीर्तन उभे राहून. नारदांच्या गादीवर जो उभा राहतो, त्यास सभा वंदन करते, त्याच्या गळ्यात हार पडतो, कपाळी बुक्का लागतो. म्हणजे उभे राहणे ही केवळ शरीराची स्थिती नव्हे. तो एक अधिकार आहे.

हा अधिकार समर्थांनी वेणाबाईंना दिला. विधवेचे मुखदर्शनही अशुभ मानणाऱ्या त्या समाजात, एका विधवेने भरसभेत उभे राहून भगवंताचे गुणगान करावे आणि सभेने ते खाली बसून ऐकावे, ही गोष्ट केवढी मोठी! एवढ्यावर समर्थ थांबले नाहीत. मिरजेस मठ स्थापून त्यांनी तो वेणाबाईंच्या स्वाधीन केला. ज्या गावी नियतीने त्यांचे कुंकू पुसले, त्याच गावी त्या मठाधिपती म्हणून परत आल्या. ज्या गल्लीत मान खाली घालून चालावयाचे, तेथेच लोक आता त्यांच्या चरणी माथा ठेवू लागले. वेणा, वेणाबाई, आणि आता वेणास्वामी. स्वामी ही पदवी स्त्रीच्या नावामागे लागलेली त्या काळच्या महाराष्ट्राने या संप्रदायात पाहिली. मिरजेतील त्यांचा मठ आजही भाविकांचे दर्शनस्थान आहे.

त्यांच्या शिष्या बाइयाबाई आणि बाइयाबाईंचे शिष्य गिरिधरस्वामी. या गिरिधरस्वामींनी समर्थप्रताप नावाचा ग्रंथ लिहिला. समर्थांच्या चरित्राच्या अभ्यासात तो ग्रंथ प्रमाणभूत साधनांपैकी मानतात. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीस विद्या द्यावी, तिने ती एका मुलास द्यावी आणि त्या मुलाने साऱ्या संप्रदायाची स्मृती राखावी, अशी ही परंपरा आहे.

वेणास्वामींची लेखणीही मोठी. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींची नावे आज शाळकरी मुलेही सांगतात. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन, असे सात सातारा जिल्ह्यात. बहे बोरगाव आणि बत्तीस शिराळे हे दोन सांगली जिल्ह्यात. मनपाडळे आणि पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यात. ही गणना एका अभंगात गुंफून ठेवली ती वेणास्वामींनी. यात्रेकरू आज ज्या वाटेने जातात, ती वाट त्यांनी आखून दिली आहे.

सीतेचे लग्न

त्यांचा मुख्य ग्रंथ सीतास्वयंवर. समास चौदा आणि ओव्या दीड हजारांच्या आसपास. रामायणावरही त्यांची रचना आहे. परंतु सीतास्वयंवर ही त्यांची स्वतःची वाट.

विषय कोणता निवडला, हे वाचकांनी पाहावे. लग्न! ज्यांच्या आयुष्यात लग्न हा शब्द दुःखाचे मूळ ठरला, त्यांनी लग्नाचे आख्यान रचले. आणि तेही हात आखडून नव्हे. शिवधनुष्य भंगल्यावर जनकाच्या घरी उसळलेला आनंद, लग्नघराची लगबग, विधी, पंक्ती, वस्त्रे आणि अलंकार, लेक सासरी धाडताना आईबापांचे दाटून आलेले कंठ, हे सारे त्यात मराठी घराच्या ओळखीचे होऊन येते. सासरी जाणाऱ्या मुलीच्या जागी त्या स्वतःला ठेवू शकल्या, कारण स्वतःच्या जागी काही उरले नव्हते.

आम्ही अनेक वेळा विचार केला. इतक्या दुःखाने होरपळलेल्या व्यक्तीने एक तर लग्नाकडे पाठ फिरवावी किंवा संसार मिथ्या म्हणून त्याची निंदा करावी. वेदान्ताच्या नावाखाली अशी निंदा करणे सोपे असते आणि ती विद्वत्तेसारखी दिसतेही. वेणास्वामींनी दुसऱ्याच्या मांडवात आपल्या हाताने तोरण बांधले. आपल्यास न मिळालेले सुख दुसऱ्यास मिळताना पाहून ज्याचे डोळे आनंदाने भरतात, तो विरक्त. केवळ भगवी वस्त्रे नेसल्याने ते साधत नाही. शेजाऱ्याच्या घरी पेढे आले असता आपल्या मनात काय उमटते, तेथे प्रत्येकाच्या वैराग्याची परीक्षा रोज होते.

या ग्रंथात भक्ती, ज्ञान आणि वैराग्य एकत्र नांदतात ते असे. राम हा आपला आहे ही भक्ती. सीता आणि राम हे वेगळे दिसले तरी तत्त्वतः एक, हे ज्ञान. आणि या सोहळ्यात मजसाठी काही मागणे नाही, हे वैराग्य. आई तरुण होती आणि मुलेही जागी होती.

आमची एक चूक

चरित्र पुढे सांगण्यापूर्वी एक गोष्ट कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे. तीस वर्षांपूर्वी आमच्या क्षेत्रातील देवळात एक प्रौढ विधवा नित्य सेवेस येत. वाती वळणे, सारवणे, समया घासणे ही त्यांची कामे. आम्ही जी आख्याने लावीत असू, ती सारी त्यांस ऐकून ऐकून मुखोद्गत होती. एकदा आम्ही एक पद विसरलो, तर त्यांनी खांबाआडून ते हलकेच सुचविले. त्या वर्षी उत्सवापूर्वी त्या आमच्याकडे आल्या आणि एक दिवस कीर्तनसेवेस उभे राहण्याची परवानगी त्यांनी मागितली. आम्ही शास्त्री पडलो. परंपरा, रूढी, गादीची मर्यादा, असे पाऊण तास बोललो. बाई शांतपणे ऐकत राहिल्या, नमस्कार केला आणि पुन्हा वाती वळावयास गेल्या.

पुढे दोन वर्षांनी दुसऱ्या एका गावी आम्हांस वेणास्वामींचे आख्यान लावावयाचा योग आला. पूर्वरंग उत्तम रंगला. उत्तररंगात, समर्थांनी वेणाबाईंना उभे राहण्याची आज्ञा दिली, या प्रसंगी आलो आणि शब्द अडखळले. टाळ वाजत राहिला. ज्या गोष्टीसाठी आम्ही सभेकडून टाळ्या घेणार होतो, तीच गोष्ट आम्ही आपल्या दारात नाकारली होती. आम्ही गावी परतताच त्या बाईंच्या घरी गेलो. घरास कुलूप होते. मुलाने त्यांस परगावी नेले होते आणि तेथेच काही महिन्यांपूर्वी त्यांचे देहावसान झाले होते. कोनाड्यात वळून ठेवलेल्या वाती मात्र देवळात तशाच होत्या.

तेव्हापासून कीर्तन शिकावयास येणारास आम्ही एकच गोष्ट विचारतो, की वाचता ते समजते काय? मुलगा की मुलगी, सुवासिनी की विधवा, हे विचारीत नाही. आज महाराष्ट्रात अनेक स्त्रिया नारदीय कीर्तन उत्तम रीतीने करीत आहेत, हे पाहून समाधान वाटते. आमच्याकडेही काही मुली शिकून गेल्या. परंतु त्याने त्या एका नकाराचे माप फिटत नाही. पोथी मुखोद्गत असणे निराळे आणि ती अंगी उतरणे निराळे, हा धडा आम्हांस वेणास्वामींनी मृत्यूनंतर तीन शतकांनी दिला.

चैत्र वद्य चतुर्दशी

समर्थ १६७६ च्या सुमारास सज्जनगडावर कायम वास्तव्यास आले. साताऱ्याच्या नैर्ऋत्येस, उरमोडीच्या खोऱ्यावर उभा असलेला हा परळीचा किल्ला. शके १६०० मध्ये, म्हणजे १६७८ साली, चैत्रातील रामनवमीचा उत्सव झाला आणि वेणास्वामी गडावर आल्या. मिरजेहून कृष्णेच्या काठाने सांगली, कऱ्हाड करीत ही वाट वर चढते. नदी खाली वाहते आणि भक्त तिच्या उगमाच्या दिशेने चालतो.

परंपरा सांगते, की त्यांनी समर्थांजवळ माहेरी जाण्याची आज्ञा मागितली. ऐकणारांस वाटले, बाईंना कोल्हापूरची आठवण झाली. समर्थांना मात्र ते माहेर कोणते हे उमगले. त्यांनी वेणास्वामींना कीर्तन करण्यास सांगितले. त्या उभ्या राहिल्या. ज्या गुरूंनी उभे केले त्यांच्याच समोर, त्यांच्याच रामाचे गुण त्यांनी गाइले. कीर्तन संपले, त्यांनी समर्थांच्या चरणी मस्तक ठेविले आणि ते पुन्हा उचलले नाही. ती तिथी चैत्र वद्य चतुर्दशी. रामनवमीपासून विसावी तिथी.

माहेर हा शब्द किती विचारपूर्वक निवडला असेल! जन्माच्या माहेराने विष दिले, तरी माहेर या शब्दावरची त्यांची माया आटली नाही. तो शब्द त्यांनी टाकून दिला नाही. धुऊन स्वच्छ केला आणि रामाच्या घरास दिला.

त्यानंतर चार वर्षांच्या आत, माघ वद्य नवमीस, १६८२ च्या जानेवारीत, समर्थांनीही सज्जनगडावर देह ठेविला. गुरुभगिनी अक्काबाई मात्र मागे दीर्घकाळ राहिल्या. १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने गड घेतला, त्या आपत्काळी त्यांनी देवाच्या मूर्ती वासोट्यास नेऊन सुरक्षित ठेवल्या, असे सांगतात. एकीने गाऊन राम राखिला, एकीने उचलून. समर्थांच्या मागे त्यांचा राम ज्या हातांनी सांभाळला, त्या हातांत बांगड्या नव्हत्या, एवढे ध्यानी ठेवावे.

आजही सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचे दर्शन घेऊन यात्रेकरू बाहेर येतो, तेव्हा तेथील वेणास्वामींच्या वृंदावनापाशी त्याची पावले थांबतात. तुळशीवृंदावनापाशी सुरू झालेले चरित्र वृंदावनातच विसावले.

असो. येत्या रामनवमीस भर दुपारी जन्मकाळाचे कीर्तन ऐकून, पाळणा हलवून, सुंठवडा घेऊन आपण घरी याल. त्या वेळी दोन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंती आहे. घरात पोथी असेल ती सोडावी, एकच पान वाचावे आणि जेथे समजले नाही तेथे मोकळेपणाने थांबावे. तेवढ्याने ज्ञान कूस बदलेल. आणि ज्या कोणावर आपला वर्षानुवर्षे राग आहे, त्याच्या घरी त्या सुंठवड्यातील चिमूटभर नेऊन द्यावा. तेवढ्याने वैराग्यही उठून बसेल. भक्ती तर आपल्या घरी आहेच. आणि त्यानंतर विसाव्या दिवशी, चैत्र वद्य चतुर्दशीच्या सायंकाळी देवापाशी दिवा लावताना, दाराआड उभे राहून आपले आयुष्य काढलेली जी कोणी आजी, आत्या वा मावशी आपल्या कुळात होऊन गेली असेल, तिचेही नाव एकदा घ्यावे. रामाच्या माहेरी तिचीही वाट कोणी पाहिली असेल.